उल्कांचा हिशेब ठेवणारा हिशेबनीस : विल्यम डेनिंग



रात्री गच्चीवर किंवा अंगणात झोपलेलं असताना आकाशातून एखादी उजेडाची रेघ सर्रकन जाताना तुम्ही पाहिली असेल. आपण लगेच म्हणतो, तारा तुटला! कुणी डोळे मिटून मनातली इच्छा मागतं. दोन क्षणांत सगळं संपतं आणि आपण ते विसरूनही जातो.

आज आपण अशा एका माणसाची माहिती पाहणार आहोत, ज्याने ही दोन क्षणांची रेघ विसरायची नाही, ती वहीत उतरवायची असं ठरवलं आणि जवळजवळ साठ वर्षं आकाशाचा नाद सोडला नाही. हा माणूस कुठल्या वेधशाळेत नोकरीला नव्हता. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. पेशाने तो हिशेबनीस होता. त्याचं नाव विल्यम फ्रेडरिक डेनिंग.

आधी थोडं उल्कांविषयी

डेनिंग यांचं काम समजायचं असेल तर उल्का म्हणजे काय ते आधी पाहू. तुटतो तो तारा नसतोच. धूमकेतू सूर्याभोवती फिरताना आपल्या मार्गावर धुळीचे आणि खड्यांचे कण सांडत जातो. पृथ्वी त्या मार्गातून गेली की हे कण प्रचंड वेगाने आपल्या वातावरणात शिरतात, जमिनीपासून साधारण 100 किलोमीटर उंचीवर तापून उजळतात आणि नाहीसे होतात. बहुतेक कण वाळूच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असतात.

ठरावीक तारखांना अशा उल्का जास्त दिसतात. त्याला उल्कावर्षाव म्हणतात. त्या रात्री दिसलेल्या उल्कांच्या रेघा मागे वाढवत नेल्या, तर त्या आकाशातल्या एकाच जागी येऊन मिळतात. या जागेला उगमबिंदू म्हणतात. उगमबिंदू सिंह राशीत असेल तर तो सिंह उल्कावर्षाव, ययाती तारकासमूहात असेल तर ययाती उल्कावर्षाव. हा उगमबिंदू नीट लक्षात ठेवा, कारण डेनिंग यांचं सगळं यश आणि त्यांचा सगळ्यात मोठा वाद याच एका बिंदूभोवती फिरतो.

जन्म आणि तरुणपण

विल्यमचा जन्म 25 नोव्हेंबर 1848 रोजी इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात, रॅडस्टॉक गावाजवळ झाला. वडील हिशेबनीस होते. पुढे कुटुंब ब्रिस्टल शहरात आलं आणि विल्यमचं सारं आयुष्य तिथेच गेलं. तरुणपणी तो क्रिकेट चांगला खेळायचा. प्रसिद्ध क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी त्याला ग्लॉस्टरशायरकडून यष्टिरक्षण करायला बोलावलं होतं असं सांगतात. पण त्याचं मन मैदानापेक्षा रात्रीच्या आकाशात जास्त रमत होतं.

नोव्हेंबर 1866 मध्ये सिंह उल्कावर्षाव इंग्लंडच्या आकाशात जोरात झाला. तेव्हा विल्यम अठरा वर्षांचा होत होता. हा वर्षाव साधारण 33 वर्षांनी जोर धरतो. 1833 साली अमेरिकेत लोकांनी तो पाहिला होता आणि 1866 मध्ये तो परत आला. त्याच सुमारास इटलीचे खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेली यांनी ययाती उल्कावर्षावाचं नातं 1862 साली सापडलेल्या धूमकेतूशी जोडून दाखवलं. म्हणजे बघा, उल्कांचा अभ्यास नुकता कुठे बाळसं धरत होता आणि नेमक्या त्याच वेळी आपला हा तरुण आकाशाकडे वळला.

हातात काठी, समोर आकाश

मित्रांनो, उल्का पाहायला दुर्बीण लागत नाही. दुर्बिणीतून आकाशाचा अगदी लहान तुकडा दिसतो, आणि उल्का तर कुठूनही येते. लागतात ते दोन डोळे, अंधार आणि भरपूर धीर. डेनिंग यांच्याकडे 10 इंची परावर्ती दुर्बीण होती. तिच्यातून ते ग्रह पाहत आणि धूमकेतू शोधत. उल्कांसाठी मात्र ते घरामागच्या बागेत नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहत.

नोंद घ्यायची त्यांची पद्धत साधी होती. उल्का दिसली की हातातली सरळ काठी तिच्या मार्गावर धरायची. मग ती काठी कुठल्या ताऱ्यांजवळून जाते ते पाहायचं आणि तो मार्ग खगोलावर किंवा नकाशावर उतरवायचा. सोबत वेळ लिहायची, तेज लिहायचं, उल्का सावकाश गेली की झपकन गेली, मागे धुराची रेघ उरली की नाही, तेही लिहायचं. मग पुन्हा मान वर.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण इंग्लंडच्या थंडीत तासन् तास असं पाहत राहायचं म्हणजे काय, याचा विचार करा. साध्या रात्री तासाभरात पाच-दहा उल्का दिसल्या तरी पुष्कळ. ढग आले की तेवढंही नाही. आणि या सगळ्या कामाचे पैसे कुणी देत नव्हतं.

सरकणारा उगमबिंदू

आता त्यांचं एक महत्त्वाचं काम पाहू. ययाती उल्कावर्षाव जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत चालतो आणि 12-13 ऑगस्टला सर्वांत जोरात असतो. बहुतेक लोक फक्त तेवढ्या एक-दोन रात्री आकाश पाहत. डेनिंग आधीही पाहत आणि नंतरही पाहत. सगळ्या रात्रींच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्यावर 1877 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की या वर्षावाचा उगमबिंदू एका जागी थांबत नाही. तो रोज थोडा थोडा पूर्वेकडे सरकतो. हे सरकणं दिवसाला साधारण एक अंश असतं, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवले तर जेवढं अंतर होईल तेवढं.

असं का होतं? पावसात धावणाऱ्या एसटीत खिडकीजवळ बसला असाल तर आठवा. पाऊस सरळ पडत असला तरी थेंब समोरून तिरपे येताना दिसतात. गाडी वळली की त्यांची तिरपी दिशाही बदलते. आपली पृथ्वी म्हणजे ती एसटी. ती सूर्याभोवती फिरताना रोज साधारण एक अंश वळते, म्हणून उल्का येण्याची दिशाही रोज थोडी बदलते. हे गणित पुस्तकात होतंच, पण ते आकाशात खरोखर तसं घडतं हे ब्रिस्टलमधल्या एका हिशेबनिसाच्या नोंदींनी दाखवलं.

धूमकेतू, मानसन्मान आणि एक फसलेली रात्र

4 ऑक्टोबर 1881 रोजी डेनिंग यांना एक नवा धूमकेतू सापडला. तो साधारण नऊ वर्षांनी सूर्याजवळ येतो, पण नंतर तो कुणाला दिसेचना. शेवटी 1978 साली जपानचे हौशी निरीक्षक फुजिकावा यांनी तो पुन्हा शोधला. म्हणून आज त्याचं नाव डेनिंग-फुजिकावा असं आहे. 1894 मध्ये डेनिंग यांनी आणखी एक धूमकेतू शोधला. त्यानंतर इंग्लंडच्या भूमीवरून नवा धूमकेतू सापडायला 1959 साल उजाडलं.

1891 मध्ये त्यांनी हौशी निरीक्षकांसाठी दुर्बीण वापरण्यावर पुस्तक लिहिलं. 1895 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीचा वाल्झ पुरस्कार आणि 1898 मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एच. जी. वेल्स यांच्या मंगळवासीयांच्या स्वारीवरच्या कादंबरीतही त्यांचं नाव येतं.

1899 मध्ये त्यांची उगमबिंदूंची मोठी सूची प्रसिद्ध झाली. तिच्यात 4000 हून जास्त उगमबिंदू होते. याच वर्षी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या उल्का विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आणि 1899 म्हणजे 1866 नंतरचं तेहतिसावं वर्ष! सगळी युरोप-अमेरिका सिंह उल्कावर्षावाची वाट पाहत होती. पण उल्कांचा पाऊस पडलाच नाही. मधल्या काळात गुरू आणि शनी या मोठ्या ग्रहांच्या ओढीने कणांचा प्रवाह बाजूला सरकला होता. लोकांची निराशा झाली. पण विद्यार्थी मित्रांनो, वर्षाव झाला नाही हीसुद्धा एक नोंदच असते.

एक मोठा वाद

आता त्या वादाकडे येऊ. डेनिंग यांच्या वह्यांत असे काही उगमबिंदू होते की जे आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने एकाच जागी स्थिर दिसत. ज्यांनी ययातीचा उगमबिंदू सरकताना दाखवला, तेच आता म्हणत होते की काही बिंदू सरकतच नाहीत.

एसटीचं उदाहरण पुन्हा आठवा. गाडी वळली तरी थेंब त्याच दिशेने येत राहिले तर कसं चालेल? गणिताला हे मान्य होईना. काही जाणकारांनी यासाठी कारणं शोधून पाहिली, पण ती टिकली नाहीत. 1911 साली अमेरिकेत उल्का निरीक्षकांची संस्था उभी करणारे चार्ल्स ऑलिव्हिये यांनी चूक कुठे आहे ते मांडलं. डेनिंग वेगवेगळ्या रात्री दिसलेल्या थोड्या थोड्या उल्का एकत्र करत आणि त्यांच्या रेघा जिथे मिळतात तिथे उगमबिंदू मानत. आकाशात रोज इकडून तिकडे जाणाऱ्या सुट्या उल्का भरपूर असतात. पुष्कळ रात्रींच्या रेघा एकाच नकाशावर काढल्या की त्यातल्या काही योगायोगाने एका जागी मिळणारच. म्हणून पुढे निरीक्षकांनी शिस्त लावून घेतली की उगमबिंदू ठरवायचा तो एकाच रात्रीच्या उल्कांवरून.

डेनिंग यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. यात वाईट वाटण्यासारखं बरंच आहे. ज्या माणसाने आयुष्यभर रात्री जागवल्या, त्याच्या सूचीतले कितीतरी बिंदू पुढच्या अभ्यासकांनी बाजूला ठेवले. पण एक फरक नीट समजून घ्या. त्यांनी पाहिलेल्या उल्का खोट्या नव्हत्या. त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. नोंदी इतक्या तपशीलवार होत्या म्हणूनच चूक नेमकी कुठे झाली ते दुसऱ्याला शोधता आलं. नुसतं मत सांगितलं असतं तर ते तपासणार कसं?

उतारवय

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची तब्येत ढासळू लागली. पैशाचीही ओढाताण होती. 1904 मध्ये इंग्लंडच्या सरकारने खगोलशास्त्रातल्या कामाबद्दल त्यांना वर्षाला 150 पौंड निवृत्तिवेतन सुरू केलं. थंडीतल्या लांब रात्री आता झेपत नव्हत्या. मग ते दुसऱ्यांच्या नोंदींवर काम करू लागले. एखादा मोठा अग्निगोल दिसला की गावोगावचे लोक त्यांना कळवत. दोन वेगळ्या ठिकाणांहून तो कुठल्या ताऱ्यांजवळ दिसला हे कळलं की त्याची उंची आणि खरा मार्ग काढता येतो. डेनिंग हे गणित मांडून बसत. हिशेब हा त्यांचा पेशाच होता ना!

20 ऑगस्ट 1920 च्या रात्री हंस तारकासमूहात त्यांना एक अनोळखी तारा दिसला. तो नवतारा होता. तेव्हा त्यांचं वय 71 होतं. आकाशाचा तो तुकडा इतका पाठ होता, की एक तारा जास्त आहे हे नजरेला खटकलं. 1919 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने आपल्या उल्काविषयक समितीचं अध्यक्षपदही या पदवी नसलेल्या माणसाला दिलं.

9 जून 1931 रोजी ब्रिस्टल इथे त्यांचं निधन झालं. चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या एकेका विवराला आज डेनिंग यांचं नाव आहे.

आपण काय करू शकतो?

ययाती उल्कावर्षाव आपल्याकडे ऐन पावसाळ्यात येतो, त्यामुळे बहुतेक वेळा ढगच दिसतात. पण 13-14 डिसेंबरचा मिथुन उल्कावर्षाव महाराष्ट्रातून छान दिसतो. थंडीत आकाश स्वच्छ असतं आणि रात्री आठ-नऊनंतर मिथुन रास पूर्वेला वर येते. मृग नक्षत्र ओळखता येत असेल तर त्याच्या ईशान्येला पुनर्वसूचे दोन तेजस्वी तारे शोधा. उगमबिंदू त्यांच्याजवळच असतो.

उपक्रम : घरातल्या मोठ्या माणसांना सोबत घ्या. दिव्यांपासून दूर चटई टाका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या आणि मोबाईल बाजूला ठेवा. वहीत पाच रकाने आखा : वेळ, तेज, वेग, कुठून कुठे गेली, मिथुनेतली की दुसरी. निरीक्षण कधी सुरू केलं, कधी संपवलं आणि ढग किती होते हेही लिहा. एकही उल्का दिसली नाही तर शून्य लिहा, रकाना कोरा सोडू नका.

विचार करा :
1. उल्का पाहायला दुर्बिणीपेक्षा नुसते डोळे का बरे?
2. ययाती उल्कावर्षावाचा उगमबिंदू रोज का सरकतो?
3. निष्कर्ष चुकला तरी नोंद उपयोगी का पडते? डेनिंग यांच्या उदाहरणावरून पाच ओळी लिहा.

तुमच्या वहीतली पहिली नोंद वर्गात नक्की वाचून दाखवा.