खान्देशात शिकलेले भिसे

'भारतीय एडिसन' म्हणून ओळखले जाणारे शंकर आबाजी भिसे आपल्या जळगाव-धुळ्याकडे शाळेत शिकले, हे होस्टेलवर कितीजणांना माहीत आहे? आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात एडिसन होता, भिसे नव्हते.

जन्म २९ एप्रिल १८६७, मुंबईचा. पुढे मुंबईतच सरकारी हिशेब खात्यात नोकरी आणि उरलेल्या वेळात यंत्रांचा नाद! १८९७ च्या सुमारास लंडनच्या एका मासिकाने स्पर्धा ठेवली. साखर, पीठ असा सुटा माल आपोआप मोजून देणारं यंत्र हवं होतं. भिसेंनी ती जिंकली आणि दादाभाई नौरोजींच्या आधाराने लंडन गाठलं.

आज पाकीटबंद साखर बघून वाटतं, त्यात काय एवढं! पेटंटच्या भांडणात नेमका हाच मुद्दा असतो. शोध नुसता नवा असून चालत नाही, त्या धंद्यातल्या जाणकाराला तो सहज सुचण्यासारखा नसावा लागतो. एड्सच्या अँटिबॉडी टेस्टचंच घ्या. एलायझा पद्धत १९७१ ची, विषाणू सापडला १९८३ ला. दोन्ही एकत्र आणणं हा शोध, की नुसती जोडाजोड? आणि हे ठरवायचं त्या दिवशीच्या जाणकाराच्या डोक्यात शिरून. जाम अवघड! उत्तर कळल्यावर प्रत्येक गणित सोपंच दिसतं, व्हायवाला बसलेल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे.

भिसेंचं खरं काम छापखान्याचे खिळे पाडणाऱ्या यंत्रावर. लंडनच्या नामांकित कॅसलन फाउंड्रीच्या इंजिनिअर लोकांनी त्यांना आव्हान दिलं, आणि १९०८ मध्ये त्यांचं यंत्र मिनिटाला १,२०० खिळे पाडू लागलं. धंद्यातले जाणकारच 'करून दाखवा' म्हणतात, तिथे ते सहज सुचण्यासारखं होतं असं कोण म्हणेल?

पण पेटंट म्हणजे पैसा नव्हे. भिसोटाइप कंपनी भांडवलाअभावी बुडाली. मग गोखल्यांनी रतन टाटांशी गाठ घालून दिली (जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, २०२४ ला गेलेले नव्हेत). तोही डाव १९१५ ला मोडला. १९१६ ला भिसे अमेरिकेला गेले. तिथे पुन्हा खिळ्यांचं यंत्र, शिवाय 'अ‍ॅटोमिडिन' हे आयोडीनचं औषध. १९३० मध्ये ते खुद्द एडिसनला भेटले. ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये वारले, तेव्हा त्यांच्या नावावर सुमारे ४० पेटंट होती.