दादासाहेब फाळके आणि निर्दोष डोळा

आजचा शास्त्रभाग: मत्तय ६:१९-२४



परवा आमच्या युवक संघात नेहमीचा वाद रंगला. विश्वासणाऱ्यांनी सिनेमे पाहावेत की नाही? एक गट म्हणतो, जगाच्या गोष्टी, लांबच राहा. दुसरा म्हणतो, स्वच्छ सिनेमा असेल तर हरकत काय? मी दोन्हीकडून थोडं थोडं बोललो आणि घरी येऊन फोनवर अर्धा सिनेमा पाहिला, मध्ये मध्ये मेसेज बघत. शेवटी तीन स्टार देऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी गोष्ट काय होती तेही धड आठवेना.

सकाळी हा शास्त्रभाग समोर आला. प्रभू इथे डोळ्याला शरीराचा दिवा म्हणतो. काय पाहिलं याइतकंच कोणत्या डोळ्याने पाहिलं हेही महत्त्वाचं आहे. वाचताना मला एका माणसाची आठवण झाली. तो ख्रिस्ती नव्हता, पण त्याच्या आयुष्याला वळण मिळालं ते येशूच्या जीवनावरचा सिनेमा पाहून. आज त्याच्याबद्दल लिहितो.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वरचा. घर शास्त्री-पंडितांचं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं बरंच काही शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफरची नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला. छपाईतलं नवं तंत्र शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालला, पण भागीदारांशी बिनसलं आणि ते बाहेर पडले. चाळिशी आलेली, दुसरा संसार, पदरात मुलं आणि हातात काम नाही.

अशा रिकाम्या दिवसांत, १९१० च्या सुमारास, ते गिरगावात एका सिनेमाला गेले. पडद्यावर ख्रिस्ताचं जीवन चालू होतं. तेव्हाचा सिनेमा मुका, हलता काळा-पांढरा. बाकी लोक पाहून घरी गेले असतील. फाळक्यांनी मात्र तो पुन्हा पाहिला, पत्नी सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखवला. येशूची गोष्ट डोळ्यांपुढे सरकत होती, आणि त्यांच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. आपल्या लोकांच्या कथा अशाच पडद्यावर येतील का, हा प्रश्न त्या रात्री त्यांना झोपू देईना.

इथे आपण प्रामाणिक राहू या. फाळक्यांनी ख्रिस्ताचा सिनेमा पाहून ख्रिस्त स्वीकारला नाही. ते आपल्या श्रद्धेतच राहिले, आणि त्यांची गोष्ट ओढूनताणून आपल्या साक्षीत बसवायची मला इच्छा नाही. पण मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. ज्या प्रभूला मी माझा म्हणतो, त्याच्या जीवनाचा सिनेमा ज्याला तो आपला वाटत नव्हता अशा माणसाने माझ्यापेक्षा कितीतरी लक्ष देऊन पाहिला. लहानपणी उत्तम शुक्रवारी आमच्या चर्चच्या कंपाउंडमध्ये पांढरी चादर टांगून ‘दयासागर’ दाखवायचे. आम्ही मुलं मागे बसून शेंगा खायचो. क्रूसाचा सीन आला की मोठी माणसं रडायची आणि आम्ही एकमेकांना कोपर मारायचो. डोळे उघडे होते, पण दिवा लागलेला नव्हता.

त्या दिवसानंतर फाळके सिनेमा कसा बनतो याच्या मागे लागले. मिळतील ते सिनेमे रोज तासन् तास पाहायचे, घरी येऊन प्रयोग करायचे. झोप जेमतेम. या ताणाने डोळेच गेले. काही काळ त्यांना दिसेनासं झालं. डॉक्टरांचे उपचार आणि चष्मे यांच्या मदतीने दृष्टी परत आली. मग विमा पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे एका सिनेमा-साप्ताहिकाच्या संपादकाने ओळख नसताना मदत केली, स्टुडिओ दाखवला, कॅमेरा घ्यायला साहाय्य केलं. दोन महिन्यांत ते परतले.

आल्या आल्या काय केलं? कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि रोज थोडं थोडं चित्रण करून अंकुर वाढतानाची छोटी फिल्म तयार केली. पैसे लावणाऱ्यांना विश्वास बसावा म्हणून. बी पेरणं आणि वाट पाहणं, हे तर आपल्या प्रभूच्या दाखल्यांतलं चित्र, नाही का?

मग दादरला ‘राजा हरिश्चंद्र’चं काम सुरू झालं. सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामतीचं काम हॉटेलात नोकरी करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने केलं. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. आणि या सगळ्यामागे उभ्या होत्या सरस्वतीबाई. दागिने त्यांनी दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, फिल्मला भोकं पाडायचं आणि धुवायचं कामही शिकून घेतलं. पडद्यावर त्यांचं नाव नाही. चर्चमध्ये सणाच्या दिवशी पहाटेपासून मागच्या खोलीत राबणाऱ्या आपल्या मावश्या मला इथे आठवतात.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतीय सिनेमाची सुरुवात म्हणून आपण तो दिवस सांगतो. १९१७ मध्ये ‘लंका दहन’ आला, तेव्हा तर पडद्यावर राम दिसताच लोक पायातल्या चपला काढायचे, आणि गल्ल्याची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागायची, असं सांगतात.

आता शास्त्रभागाकडे परत या. डोळ्याविषयीचं हे बोलणं येशू कुठे बोलतो ते बघा. आधी संपत्ती कुठे साठवायची ते येतं, नंतर दोन धन्यांची चाकरी करता येत नाही ते. डोळ्याची गोष्ट या दोघांच्या मध्ये आहे. म्हणजे डोळा बिघडतो तो फक्त वाईट दृश्यांनी नाही. मन कोणत्या ठेव्याकडे ओढलं जातं, त्यानेही तो बिघडतो.

फाळक्यांच्या आयुष्यात ही ओढाताण स्पष्ट दिसते. पैसा आला तसे भांडवलदारही आले. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म्स ही कंपनी निघाली. त्यांना सिनेमा मनासारखा करायचा होता, भागीदारांना हिशेब हवा होता. खटके उडाले आणि ते सगळं सोडून काशीला निघून गेले. पुढे परत आले, काम केलं, पण जुना जोम राहिला नाही. सिनेमा बोलू लागला आणि काळ पुढे गेला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा सिनेमा १९३७ मध्ये आला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं, तेही हलाखीत. ज्याच्या नावाने पुढे देशाचा मोठा सिने-पुरस्कार सुरू झाला, त्याच्या हाती त्या पोत्यांतलं काही उरलं नव्हतं.

मी त्यांना संत करत नाही. हट्टी माणूस होते, त्यांच्या ध्यासाची किंमत घरच्यांनीही मोजली. पण पाहिलेली गोष्ट मनात घ्यायची आणि तिने काही मागितलं तर ते द्यायचं, हे त्यांनी केलं.

म्हणून युवक संघातल्या त्या वादात मला आता तिसरंच काही म्हणायचं आहे. सिनेमात शिव्या किती, देवाचं नाव किती वेळा, एवढं मोजून आपलं परीक्षण संपत नाही. ज्यात येशू दिसतो तो सिनेमाही आपण आंधळेपणाने पाहू शकतो. आणि ज्यात त्याचं नाव नाही, त्यातही एखादा दुखावलेला बाप किंवा क्षमा मागायला अडलेली बहीण आपल्याला प्रभूच्या पायाशी नेऊन बसवू शकते. काही सिनेमे मनात अंधारच भरतात, ते मधेच बंद करायलाही डोळा शाबूत लागतो.

आणखी एक. ज्यांनी तो ख्रिस्ताचा सिनेमा बनवला, त्यांना गिरगावातला हा प्रेक्षक कधी कळलाही नसेल. आपण केलेलं काम कुठे जाऊन रुजेल, ते आपल्याला दिसतंच असं नाही.

आज स्वतःला विचारू या:
१. मी शेवटचा सिनेमा पाहिला, त्याने मला कोणाची आठवण करून दिली?
२. पाहताना माझं मन कोणत्या ठेव्याकडे ओढलं गेलं?
३. माझ्या कामामागे राबणारी, नाव न आलेली व्यक्ती कोण? आज तिला फोन करीन का?

प्रार्थना: प्रभू येशू, दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून खूप काही सरकतं, आणि मी फारसं काही पाहत नाही. माझा डोळा निर्दोष कर. जे पाहून सोडून द्यायचं ते सोडायला आणि जे पाहून उठायचं त्यासाठी उठायला मला बळ दे. आमेन.