समजून घ्या : महात्मा फुले बांधकाम कंत्राटदारही होते! त्यांना कामं कशी मिळाली आणि त्यात त्यांनी काय पाहिलं?

पनवेलला लागून असलेल्या करंजाडेत, सिडकोच्या नोडमध्ये, इमारतींची कामं सुरूच असतात. विमानतळही जवळच. त्यामुळे कंत्राटदाराचा परवाना कसा काढायचा, हा इथल्या तरुणांचा नेहमीचा प्रश्न. महाराष्ट्रात याच व्यवसायात उतरलेलं एक मोठं नाव म्हणजे जोतीराव फुले. शाळेच्या पुस्तकात त्यांची ही बाजू क्वचितच दिसते.

आधी आजचा नियम

खासगी इमारतीच्या नकाशावर आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याची सही लागते. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील, तर विक्रीआधी प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी करावी लागते. ती बिल्डर करतो. कंत्राटदाराची खरी नोंदणी लागते सरकारी कामासाठी. सार्वजनिक बांधकाम विभाग ती वर्गवारीनुसार देतो. वर्ग जितका वरचा, तितकं मोठं काम घेता येतं. त्यासाठी बँकेचा ऐपतीचा दाखला, केलेल्या कामांचे दाखले, पॅन, जीएसटी ही कागदपत्रं लागतात. स्थापत्यची पदवी किंवा पदविका असलेल्यांना सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून वेगळी वाट आहे.

जोतीराव या धंद्यात कसे आले?

जन्म ११ एप्रिल १८२७. घरचा व्यवसाय फुलांचा आणि शेतीचा. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पण शाळा चालवायला पैसा लागतो, घरही चालवायचं असतं. १८६३ च्या सुमारास त्यांनी धातूच्या ओतकामासाठी लागणाऱ्या मुशी विकायला सुरुवात केली. पुढे ते पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत भागीदार झाले. कात्रजच्या बोगद्याचं काम आणि खडकवासला धरणासाठी बांधकाम साहित्याचा पुरवठा, ही त्यांची ठळक कामं.

सरकारी बांधकाम खातं तेव्हा नवंच होतं. त्याच्या हाताखालच्या नोकरांना शिकवण्यासाठी पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. आजच्या सीओईपीचं मूळ तेच. जोतीरावांकडे मात्र अभियांत्रिकीचं शिक्षण नव्हतं. त्यांच्याकडे होती व्यापाराची आणि शेतीची समज.

कामावर काय दिसलं?

ही गोष्ट खरी महत्त्वाची. कंत्राटदार रोज मजुरांमध्ये असतो. हजेरी कोण लिहितो, मोजमाप कोण घेतो, बिल कुठे अडतं, हे त्याला दिसतं. इंग्रज अधिकारी वर, मजूर खाली आणि मधली सगळी लिखापढी कारकुनांच्या हातात, हे जोतीरावांनी जवळून पाहिलं. बांधकाम खात्यातल्या लबाडीवर त्यांनी पोवाडाच लिहिला. ज्या खात्याकडून बिल निघायचं, त्याच खात्यावर! आज किती कंत्राटदार ही हिंमत करतील?

धरण आणि कालव्याचा हा अनुभव ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही उतरला. डोंगरावरून वाहून जाणारी माती अडवा, बंधारे बांधा, पाणी शेतापर्यंत नीट पोचवा, अशा सूचना त्यांनी १८८३ च्या सुमारास मांडल्या.

धंद्यातल्या ओळखीही कामी आल्या. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाला मुंबईतल्या रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू या तेलुगू कंत्राटदारांनी भक्कम साथ दिली. १८७६ पासून काही वर्षं जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेने हजार रुपये खर्च करायचं ठरवलं, तेव्हा विरोधात एकच मत पडलं. ते जोतीरावांचं होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिका सदस्य अशी करून दिली.

पैसा कुठे गेला?

१८८८ मध्ये मुंबईच्या सभेत त्यांना ‘महात्मा’ पदवी दिली गेली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला. शेवटचं पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. मोठी सरकारी कामं केलेल्या या माणसाच्या घरात तोपर्यंत औषधपाण्यालाही पैसा उरला नव्हता. मदत मिळावी म्हणून मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहिलं, ते १८९० मध्ये. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले.