सर अलेक्झांडर ऑग्स्टन

केसतूड, गळूं, रांजणवाडी किंवा नखुरडें यांपैकीं एकही दुखणें ज्यास कधीं झालें नाहीं, असा विद्यार्थी आम्हांस अद्यापि आढळला नाहीं. आईनें पोटीस बांधावें, पू वाहून जावा व मुलानें पुन्हां खेळावयास पळावें, येथेंच बहुतेकांची जिज्ञासा संपते. परंतु हा पू होतो कशानें, हें ज्या शस्त्रवैद्यानें शोधून काढलें, त्यांचें चरित्र येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऑग्स्टन यांचा जन्म स्कॉटलंडांतील ॲबरडीन शहरीं १८४४ सालीं झाला. वडील तेथील विद्यापीठांत वैद्यकाचे अध्यापक होते. १८६५ त पदवी घेऊन हे शस्त्रवैद्य झाले. त्या काळीं शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी रोगी वांचेलच असा भरंवसा नसे. जखमा चिघळत, आणि पू येणें हें जखम भरून येण्याचें लक्षण होय, असें चांगले चांगले वैद्यही मानीत. लिस्टर यांनीं कार्बोलिक आम्लानें जखमा शुद्ध ठेवून दाखविल्या, तेव्हां ऑग्स्टन स्वतः ग्लासगोस जाऊन ती पद्धति पाहून आले. तथापि त्यांच्या मनांत एक प्रश्न उरला: औषधानें जंतु मरतात म्हणून जखम चिघळत नाहीं, तर मग ते जंतु कोणते?

एका रोग्याच्या पायास मोठें गळूं झालें होतें. त्यांतील पू त्यांनीं कांचेवर घेऊन जांभळ्या रंगानें रंगविला व सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरिला. तों गोल कणांचे पुंजकेच्या पुंजके दिसले. एवढ्यावर संतुष्ट होणारे ते नव्हते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें दिलेल्या ५० पौंडांच्या साह्यानें घरामागील एका लहानशा खोपटांत त्यांनीं प्रयोगशाळा थाटली. तीव्र गळवांत ते कण सांपडत, थंड गळवांत सांपडत नसत. पू उंदरांस टोंचला कीं त्यांसही गळूं होई. तोच पू तापवून टोंचला तर कांहींच होत नसे. कोंबडीच्या ताज्या अंड्यांत त्यांनीं हे जंतु वाढविले. आमच्या मतें त्यांची खरी थोरवी या चिकाटींत आहे. यंत्रांतून कण तर इतरांनींही पाहिले होते.

१८८० च्या एप्रिलांत बर्लिन येथें जर्मन शस्त्रवैद्यांपुढें त्यांनीं आपला शोध मांडला व तेथें त्याचा आदर झाला. स्वदेशांत मात्र उपेक्षा झाली. ॲबरडीनसारख्या दूरच्या गांवांतून कांहीं चांगलें निघेल काय, अशीच वृत्ति दिसली.

माळेसारखे जुळणारे जंतु पूर्वींच ‘स्ट्रेप्टोकॉकस’ या नांवानें ठाऊक होते. हे घडांसारखे दिसणारे निराळे. १८८२ त ऑग्स्टन यांनीं त्यांस ‘स्टॅफिलोकॉकस’ हें नांव दिलें. द्राक्षांचा घड व दाणा या अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्यांस ग्रीकचे अध्यापक गेडीस यांनीं सुचविले. (जुन्या भाषांचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.) त्याच वर्षीं ते विद्यापीठांत शस्त्रवैद्यकाचे प्राध्यापक झाले व १९०९ पर्यंत त्या पदावर होते.

हेच जंतु हाडांत, फुप्फुसांत व रक्तांत शिरले तर प्राण घेतात. सुमारें तीन माणसांत एकाच्या नाकांत ते निरुपद्रवी राहतात. कातडी फाटली कीं आंत शिरण्यास टपलेलेच.

सुदान व दक्षिण आफ्रिका येथील युद्धांत त्यांनीं सैनिकांची शुश्रूषा केली. पहिल्या महायुद्धांत सत्तरी उलटल्यावरही ते सर्बिया व इटली येथें जखमी लोकांच्या सेवेस गेले. १९१२ त त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली.

१९२८ च्या सप्टेंबरांत लंडन येथें फ्लेमिंग यांस एका बशींत, बुरशीभोंवतालचे जंतु नाहींसे झालेले दिसले. ते जंतु ऑग्स्टन यांचेच होते व त्या बुरशींतूनच पेनिसिलिन निघालें. ऑग्स्टन १ फेब्रुवारी १९२९ रोजीं वारले. फ्लेमिंग यांचा लेख त्यानंतर कांहीं महिन्यांनीं छापून आला. पेनिसिलिन प्रचारांत आल्यावर थोड्याच वर्षांत त्यास दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस निपजले. त्यांवर १९५९ त मेथिसिलिन आलें, आणि १९६१ पर्यंत त्यासही न जुमानणारे जंतु इंग्लंडांत आढळले.