व्यंकटेश बापूजी केतकर

व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. जुन्या पंचांगांतील ग्रहांची स्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत, ही गोष्ट त्यांना फार खटके. म्हणून नव्या गणिताच्या आधारे त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ हा संस्कृत ग्रंथ रचला.

नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असे त्यांनी १९११ साली फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत मांडले. त्यांपैकी अलीकडच्या ग्रहाची सूर्यप्रदक्षिणा सुमारे २४२ वर्षांची निघाली. १९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्लूटो सापडला आणि त्याची प्रदक्षिणा ठरली २४८ वर्षांची! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर निवर्तले. प्लूटो मात्र इतका लहान आहे की, ही जुळणी आज योगायोगाची मानली जाते. २००६ साली त्याचे ग्रहपदही गेले व लघुग्रहांच्या यादीत त्याला १३४३४० हा क्रमांक मिळाला.

वेल्ह्याजवळच्या तोरणा गडावरून अमावास्येच्या रात्री पाहिले, तरी प्लूटो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १४ जुलै २०१५ रोजी ‘न्यू होरायझन्स’ हे यान त्याच्यापासून सुमारे १२,५०० किलोमीटरांवरून गेले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत गोठलेल्या नायट्रोजनचे विस्तीर्ण मैदान दिसले, आणि त्याच्या कडेला तोरण्याच्या दुपटीहून उंच असे बर्फाचे पर्वत.