अक्षरांचा हिशेबनीस

बँकेत उमर गेल्यामुळे असेल, पण हिशेबी माणसांविषयी मला जिव्हाळा वाटतो. शब्दांच्या दुनियेत असा माणूस विरळाच. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स हे त्यांपैकी एक.

जन्म १८९९ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीचा. पेशाने वास्तुविशारद. १९३१ साली मंदीच्या लाटेत नोकरी गेली. ऐन तिशीत घरी बसलेल्या माणसाला दिवस खायला उठतो. बट्स यांनी मात्र एक खेळ रचायला घेतला. त्यात नशीब आणि बुद्धी या दोन्हींना वाव हवा होता. म्हणून ते न्यूयॉर्क टाइम्स घेऊन बसले आणि बातम्यांतली अक्षरे मोजू लागले!

त्या मोजणीतून खेळाची खतावणी उभी राहिली. एकूण सोंगट्या १००. 'ई' पावलोपावली येतो, म्हणून त्याच्या १२ सोंगट्या आणि मोल १ गुण. 'क्यू' आणि 'झेड' एकेकच, पण मोल १०. 'एस' मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर दिसेल त्या शब्दाचे अनेकवचन करणाऱ्यांचे फावले असते.

या हिशेबामुळे कोपऱ्यात पडलेल्या शब्दांना भाव आला. 'झॅक्स' म्हणजे छपरावरच्या पाटीच्या दगडाच्या फरशा तासायचे हत्यार. तीन अक्षरांत १९ गुण. 'कूम' हा वेल्श भाषेतून आलेला शब्द, डोंगराच्या कुशीतली खोलगट दरी. त्याच्या स्पेलिंगात ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही. 'आ-आ' म्हणजे थिजलेला खडबडीत लाव्हा आणि 'आई' म्हणजे चक्क झाडाला लटकणारा एक सुस्त प्राणी! आपलेही शब्द या कोशात आहेत. 'लाख'ला ११ गुण मिळतात आणि 'क्रोर'ला अवघे ७. माझ्यातल्या बँकवाल्याला हे अजून पचत नाही.

बट्स यांची वाट मात्र खडतर होती. पेटंट नाकारले गेले, खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांनी पाठ फिरवली. ते घरीच संच बनवून ओळखीपाळखीत विकत राहिले. १९४८ साली जेम्स ब्रुनॉट यांनी खेळ हाती घेतला आणि त्याला स्क्रॅबल हे नाव दिले. १९४९ मध्ये २,४०० संच निघाले आणि ४५० डॉलरचा तोटा झाला. १९५२ पासून मात्र मागणी पुरवता पुरेना. बट्स यांना प्रत्येक संचामागे काही सेंट मिळत. तेवढ्यावर ते समाधानी राहिले आणि १९९३ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी वारले.

घरी डाव मांडाल तेव्हा हाती 'क्यू' आला म्हणून कुरकुरू नका. ज्या अक्षराला भाषेत फारसे काम नाही त्याला सर्वांत जास्त मोल द्यावे, हे ज्यांनी ठरवले, ते तेव्हा स्वतःच बेकार होते.