कॉस्टनबाईंचे दिवे

अंधाऱ्या समुद्रात एका जहाजाने दुसऱ्याला हाक कशी मारायची? मार्था कॉस्टन यांना १८४८ साली वैधव्य आले, तेव्हा पतीच्या कागदांत अग्निसंकेतांची अपुरी टिपणे सापडली. दारूकाम जाणणाऱ्यांना हाताशी धरून बाईंनी त्यावर दहा वर्षे घालवली. लाल, पांढरा, हिरवा! १८५९चे पेटंट मात्र निघाले दिवंगत पतीच्या नावे. अमेरिकी आरमाराने ते १८६१मध्ये २०,००० डॉलरना घेतले. बाईंनी मागितले होते दुप्पट. यादवी युद्धात महागाईचा तोटा सोसून त्यांनी माल पुरवला. आम्हा बँकवाल्यांना हा हिशेब बोचतो. ही ज्योत डेकवर हातातच जळे. संकेत आकाशात उडवणारे पिस्तूल व्हेरी यांनी १८७७मध्ये आणले. थकबाकीसाठी बाई सरकारदारी वर्षानुवर्षे खेटे घालत राहिल्या. मागणी १,२०,०००ची, देऊ केले १५,०००.